संगणकांचीं जाळीं व त्यांचे विस्तारभेद

शास्त्रीय विषयांच्या पाठ्यग्रंथांत जीं वर्गीकरणें दिलेलीं असतात, त्यांचा एक मोठा गुण असा कीं, त्यांच्या योगानें विखुरलेली माहिती एका दृष्टिक्षेपांत आटोक्यांत येते. आणि एक मोठा दोष असा कीं, केवळ समजुतीच्या सोयीसाठीं लावलेला क्रम हाच त्या वस्तूंच्या जन्माचाही क्रम असला पाहिजे, असा ग्रह विद्यार्थ्यांच्या आणि कित्येकदां शिक्षकांच्याही मनांत घर करून बसतो. संगणकांच्या जाळ्यांविषयीं नेमकें हेंच झालें आहे. व्यक्तीच्या भोंवतालच्या दहा-पंधरा हातांत सामावणारें तें वैयक्तिक जाळें, अर्थात् ‘पॅन’. घर, कचेरी किंवा महाविद्यालय यांच्या आवारांत राहणारें तें स्थानिक जाळें, अर्थात् ‘लॅन’. शहरभर पसरलेलें तें नागर जाळें, अर्थात् ‘मॅन’. आणि प्रांत, देश, खंड यांस व्यापणारें तें विस्तृत जाळें, अर्थात् ‘वॅन’: असें हें कोष्टक असून त्यांत एकेका नांवापुढें मीटर व किलोमीटर यांचे आंकडे मांडलेले असतात. तें वाचून कोणासही वाटावें कीं, मूल जसें आधीं रांगतें, मग घरांत चालतें आणि मग वेशीबाहेर पडतें, तसाच या जाळ्यांचाही विस्तार घरापासून जगापर्यंत पायरीपायरीनें झाला असेल.

इतिहास पाहूं जातां गोष्ट जवळजवळ उलट आढळते. दूरचें जाळें आधीं जन्मलें, जवळचें मागाहून. आणि अगदीं अंगालगतचें तर सर्वांत शेवटीं. हा उलटा क्रम कां पडला व त्यापासून आपण काय शिकावें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

तारेवरून दूरच्या गणनयंत्राकडून काम करवून घेण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग इ. स. १९४० च्या ११ सप्टेंबर रोजीं अमेरिकेंत झाला. गणितज्ञांची एक परिषद न्यू हॅम्पशायर संस्थानांतील डार्टमथ कॉलेजांत भरली होती, आणि जॉर्ज स्टिबिट्झ यानें बांधलेलें बेल प्रयोगशाळेचें गणनयंत्र न्यूयॉर्क शहरांत होतें. मध्यें दोन-अडीचशें मैलांचें अंतर. यंत्र परिषदेस नेणें शक्य नव्हतें, म्हणून टंकलेखन-यंत्र तारेनें जोडून परिषदच जणूं यंत्राकडे नेण्यांत आली. याला जाळें म्हणतां येणार नाहीं, कारण दोन्ही टोंकांस यंत्रें नव्हतीं. तथापि पुढील तीस वर्षांच्या इतिहासाचें बीज या प्रसंगांत आहे. यंत्र एक, तें अवजड व अनमोल. माणसें पुष्कळ, व तीं दूर. अशा स्थितींत जोडण्याची गरज उत्पन्न व्हावयाची ती दुराव्यांतूनच. शेजारच्या खोलींत दुसरा संगणकच नसेल तर शेजारधर्म पाळावयाचा तरी कोणाशीं?

पुढील दोन मोठे उद्योगही याच साच्याचे होते. शत्रूच्या विमानांचा सुगावा लागावा म्हणून अमेरिकेच्या वायुदलानें ‘सेज’ नांवाची संरक्षणव्यवस्था उभारली व तिचें पहिलें केंद्र १९५८ सालीं न्यू जर्सींत सुरू झालें. दूरदूरच्या रडारांकडून टेलिफोनच्या तारांवरून येणारी माहिती संगणकांनीं घ्यावयाची, पडद्यावर दाखवावयाची आणि शेजारच्या केंद्रास कळवावयाची, असें तिचें काम असे. त्यानंतर १९६० च्या दशकांत अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम या दोन कंपन्यांनीं मिळून ‘सेबर’ ही विमानांतील जागा राखून ठेवण्याची व्यवस्था चालू केली. न्यूयॉर्कनजीक ब्रायरक्लिफ मॅनर येथें दोन मोठे संगणक, आणि देशभरच्या कचेऱ्यांत त्यांना तारेनें बांधलेलीं टंकयंत्रें. एका व्यवस्थेच्या मुळाशीं युद्धाचें भय होतें व दुसरीच्या मुळाशीं व्यापाराचा लाभ. पण दोहोंचा पसारा आरंभापासूनच देशव्यापी होता.

यानंतरचें ‘आर्पानेट’ तर सर्वश्रुतच आहे. संरक्षणखात्याच्या ‘आर्पा’ संस्थेंतील रॉबर्ट टेलर याच्या कचेरींत १९६६ सालीं तीन निरनिराळीं टंकयंत्रें होतीं. एक केंब्रिजच्या एमआयटीशीं, दुसरें बर्कलेच्या विद्यापीठाशीं आणि तिसरें सँटा मॉनिका येथील एका संस्थेशीं जोडलेलें. प्रत्येकाची आज्ञावळ वेगळी. एकावरचें काम दुसऱ्यास सांगावयाचें तर खुर्ची सोडून उठावें लागे. तीन खुर्च्यांच्या ठिकाणीं एकच कां नसावी, या साध्या त्रासिक प्रश्नांतून पुढचा उद्योग निघाला. १९६९ च्या २९ ऑक्टोबर रोजीं लॉस एंजलिसच्या विद्यापीठांतून सुमारें साडेतीनशें मैलांवरील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेकडे पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता; त्याचीं पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र कोलमडलें. सुमारें तासाभरानें तें सावरलें. त्या वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील तीन ठिकाणें व युटा विद्यापीठ अशीं चार स्थळें जोडलीं गेलीं होतीं. यांपैकीं कोणतींही दोन एका गांवांतलीं नव्हतीं, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्यांना जोडणाऱ्या तारा टेलिफोन कंपनीकडून भाड्यानें घेतलेल्या होत्या, हीही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

येथें एक आक्षेप संभवतो. इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस या पदार्थवैज्ञानिकानें संदेशाचे लहान लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणें धाडण्याची कल्पना १९६५ सालींच मांडली होती. ती कल्पना अमेरिकेंत पॉल बॅरन यानेंही स्वतंत्रपणें व काहींशी आधीं मांडली होती. तथापि त्या तुकड्यांस ‘पॅकेट’, म्हणजे पुडकें, हें आज रूढ झालेलें नांव दिलें तें डेव्हिसनें. १९७० च्या सुमारास त्याचें जाळें चालू झालें, तें टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एका आवारांत. मग स्थानिक जाळें मागाहून आलें, हें विधान खरें कसें? उत्तर असें कीं, डेव्हिसचा मूळ बेत साऱ्या ब्रिटनला पुरेल अशा जाळ्याचा होता. परंतु देशांतील तारांवर पोस्ट खात्याची मक्तेदारी होती व त्याचा राष्ट्रीय बेत त्या वेळीं मान्य झाला नाहीं. तेव्हां जेवढी जमीन आपल्या संस्थेची होती तेवढ्यावरच त्यानें आपली विद्या सिद्ध करून दाखविली. म्हणजे हें आद्य स्थानिक जाळें जवळच्या गरजेंतून निपजलेलें नसून दूरची वाट अडविली गेल्यामुळें घरांत राहिलेलें होतें.

जवळच्या गरजेची जाणीव झाली ती मात्र मोठ्या मौजेनें झाली. आर्पानेटवरील वाहतुकीची मोजदाद होऊं लागली, तेव्हां असें दिसून आलें कीं, तींतील एक लक्षणीय भाग दूर कोठेंच जात नाहीं. एकाच स्थळीं असलेल्या दोन संगणकांमधला मजकूर तेथल्याच संदेशयंत्रांत शिरून तेथूनच परत बाहेर पडतो. दूरदेशांस जोडण्यासाठीं बांधलेला राजमार्ग लोक शेजारच्या घरीं जाण्यासाठीं वापरूं लागले होते! संगणक आतां इतके झाले होते कीं, त्यांना शेजार लाभला होता, आणि त्या शेजारासाठीं वेगळी वाट हवी होती.

ती वाट कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत तयार झाली. तेथें ‘आल्टो’ नांवाचे छोटे संगणक प्रत्येक माणसाच्या मेजावर ठेवण्याचा बेत होता, आणि नव्या लेसर मुद्रणयंत्राचा लाभ त्या सर्वांस द्यावयाचा होता. रॉबर्ट मेटकाफ यानें १९७३ च्या २२ मे रोजीं लिहिलेल्या एका टिपणांत या योजनेस ‘ईथरनेट’ असें नांव दिलें. प्रकाशलहरींस वाहून नेणारें एक सर्वव्यापी द्रव्य विश्वांत असावें, असें एकोणिसाव्या शतकांतील पदार्थवेत्ते मानीत व त्यास ‘ईथर’ म्हणत. तें द्रव्य पुढें मिथ्या ठरलें, पण त्याचें नांव एका तारेच्या रूपानें पुन्हां अवतरलें. डेव्हिड बॉग्ज याच्या साहाय्यानें मेटकाफनें ही योजना अंमलांत आणली. तिची मूळ कल्पना त्यानें हवाई बेटांतील ‘अलोहा’ या बिनतारी जाळ्यावरून घेतली होती. १९७१ सालीं सुरू झालेलें हें जाळें नॉर्मन अब्रॅमसन याच्या नेतृत्वाखालीं निरनिराळ्या बेटांवरील ठिकाणें विद्यापीठाच्या संगणकाशीं जोडीत असे. म्हणजे एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जाण्याची युक्तिसुद्धां समुद्र ओलांडण्याच्या युक्तींतूनच निघाली.

ही युक्ति समजण्यास सोपी आहे. सभेंत अध्यक्ष नसतां सभ्य माणसें जशीं बोलतात तसेंच हें. कोणी बोलत नाहींसें पाहून बोलावयास लागावें; दोघांचे बोल एकदम निघून आदळले तर दोघांनींही थांबावें, आणि कमीअधिक वेळ थांबून पुन्हां प्रयत्न करावा. आर्पानेटच्या तारेवरून सेकंदास ५० हजार बिटें जात. पालो आल्टोच्या तारेवरून २९ लाखांहून अधिक जाऊं लागलीं, म्हणजे जवळजवळ साठपट. जवळ असण्याचा खरा लाभ काय, हें या एका आंकड्यावरून समजून येईल.

मात्र या लाभाची किंमत अंतरांत द्यावी लागे, आणि ती कां हें पाहणें उद्बोधक आहे. आपला बोल दुसऱ्याच्या बोलाशीं आदळला हें बोलणाऱ्यास त्याचें बोलणें संपण्यापूर्वीं कळलें पाहिजे, नाहींतर आपला निरोप पोंचला अशी त्याची खोटी समजूत होईल. १९८० सालीं झेरॉक्स, इंटेल व डिजिटल या तीन कंपन्यांनीं जें ईथरनेटचें प्रमाण ठरविलें, त्यांत गति सेकंदास १ कोटि बिटें होती. पुढें निश्चित झालेल्या नियमांप्रमाणें लहानांत लहान पुडकें ५१२ बिटांचें. तें उच्चारण्यास ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या अवधींत विजेची लहर तारेच्या एका टोंकापासून दुसऱ्यापर्यंत जाऊन परत आली पाहिजे. कांहीं काळ तारेंत जातो, कांहीं मधल्या यंत्रांत. या हिशेबानें दोन टोंकांमधील अंतर अडीच किलोमीटरांहून अधिक ठेवतां येत नसे. १९९५ सालीं गति दसपट झाली, तेव्हां हेंच अंतर आक्रसून सुमारें २०० मीटरांवर आलें. स्थानिक जाळ्याची ही शीव कोणा भूगोलतज्ज्ञानें आंखलेली नव्हती. ती निसर्गाच्या वेगमर्यादेनें आंखलेली होती.

परंतु केवळ पदार्थविज्ञानानें सर्व उलगडा होत नाहीं. या शिवेच्या शेजारींच दुसरी एक शीव पहिल्यापासून होती, आणि ती कुंपणाची. आपल्या आवारांत तार टाकावयाची तर कोणाची परवानगी लागत नसे. तीच तार रस्ता ओलांडून समोरच्या इमारतींत न्यावयाची म्हटली कीं सरकार, नगरपालिका व टेलिफोन कंपनी यांच्या दारीं उभें राहणें आलेंच. अमेरिकेंत बेल कंपनीची सत्ता इतकी कडक होती कीं, १९६८ च्या कार्टरफोन प्रकरणाच्या निकालापर्यंत तिच्या तारेस ग्राहकानें आपलें यंत्र जोडण्यासही सामान्यतः मज्जाव असे. आपल्याकडे १८८५ च्या तारायंत्र कायद्यानें तारा उभारण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवलेला होता. म्हणून आमच्या मतें या वर्गीकरणाची खरी व्याख्या अशी करावयास हवी: ज्याची तार आपल्या मालकीची तें स्थानिक जाळें, आणि ज्याची तार दुसऱ्याकडून भाड्यानें घ्यावी लागते तें विस्तृत जाळें. मैलांचे आंकडे दर दहा वर्षांनीं बदलले. मालकीचा हा भेद बदलला नाहीं.

ही व्याख्या स्वीकारली म्हणजे मधल्या नागर जाळ्याची कष्टदशाही समजते. अमेरिकेंतील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेनें, म्हणजे आयट्रिपलईनें, १९८० सालीं जाळ्यांच्या प्रमाणीकरणासाठीं जी समिति नेमली, तिनें शहरासाठीं वेगळें प्रमाण असावें असें ठरवून १९९० सालीं तें मंजूर केलें. त्याची मूळ योजना पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठांत झालेली होती. योजना हुशारीची होती. दोन समांतर तारांवरून उलट दिशांनीं मजकूर वाहावा व प्रत्येकानें आपली पाळी आगाऊ मागून ठेवावी, अशी तिची रचना. तरी ती रुजली नाहीं, आणि थोड्याच वर्षांत इतर पद्धतींनीं तिची जागा घेतली. शहर हें कोणा एकाचें आवार नव्हे, आणि तें राज्यही नव्हे. जागेच्या मालकास तेथें तार टाकतां येत नव्हती, आणि ज्या कंपन्यांस टाकतां येत होती त्यांना शहरापुरतें थांबण्याचें कारण नव्हतें.

वैयक्तिक जाळें सर्वांच्या शेवटीं आलें. १९९० च्या दशकाच्या मध्यास थॉमस झिमरमन यानें अंगावरील यंत्रांनीं मनुष्याच्या शरीरांतूनच सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या द्वारें एकमेकांशीं बोलावें, असा विलक्षण प्रयोग केला. त्याच सुमारास, १९९४ सालीं, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीनें कानाचें यंत्र व फोन यांमधील तार काढून टाकण्याचा उद्योग आरंभिला. दहाव्या शतकांतील एका डॅनिश राजाच्या उपनांवावरून त्यास ‘ब्लूटूथ’ हें नांव मिळालें. त्याच्या मूळच्या छोट्या जाळ्यांत एक नायक व सात अनुयायी एवढीच मंडळी एका वेळीं बसे. पहिल्या दूरवर्ती प्रयोगास तोंवर अर्धशतक उलटून गेलें होतें. कारण एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन संगणक असावे, ही स्थितिच तोंवर आलेली नव्हती.

आपल्या देशाचा या इतिहासांत एक निराळा मासला आहे. रेल्वेच्या जागा संगणकावर राखून ठेवण्याची सोय दिल्लीस १९८५-८६ च्या सुमारास सुरू झाली व मागोमाग मुंबई आदि शहरांस मिळाली. पण प्रत्येक शहराची व्यवस्था स्वतंत्र होती, आणि त्या साऱ्या जोडल्या जाण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंत विमानाचें तिकीट आरंभींच देशव्यापी झालें, येथें आगगाडीचें तिकीट शहरांत वाढून मग देशव्यापी झालें. येथें क्रम पाठ्यग्रंथासारखा दिसतो खरा, परंतु त्याचें कारण भाड्याच्या भरंवशाच्या तारांची चणचण हेंच होतें, असें आम्हांस वाटतें. विद्यापीठांसाठीं ‘एर्नेट’ हें जाळें १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें हातीं घेतलें, त्यांतही मुंबईंतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर-तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी यांमधील सांधा पहिल्या सांध्यांपैकीं होता, व तो साध्या टेलिफोनच्या तारेवरून साधलेला होता. सर्वसामान्य जनतेस इंटरनेट मिळालें तें विदेश संचार निगमाच्या द्वारें १९९५ च्या १५ ऑगस्ट रोजीं. ज्या मुंबईच्या किनाऱ्यास १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजानें एडनकडे जाणारी तारायंत्राची समुद्री तार बांधली होती, त्याच किनाऱ्यावर १९९७ सालीं ‘फ्लॅग’ ही प्रकाशतंतूंची तार आली. मार्ग तोच, पाहुणा नवा.

इतकें झाल्यावर प्रश्न उरतो कीं, हे भेद आज तरी शिल्लक आहेत काय? पदार्थविज्ञानाची शीव पुष्कळशी पुसली गेली आहे. प्रत्येक यंत्रास ‘स्विच’पर्यंत स्वतंत्र तार मिळाली, बोलण्याची व ऐकण्याची वाट निराळी झाली, आणि आदळण्याचा प्रश्नच मिटल्यावर ईथरनेटचें अंतरही सुटलें, २००२ च्या प्रमाणांत तें प्रकाशतंतूवरून ४० किलोमीटर जाऊं शकत होतें, आणि आतां तर शहरांतील व देशांतील मोठ्या वाटांवरही तेंच नांदत आहे. जें खोलीसाठीं जन्मलें त्यानें शहरासाठीं जन्मलेल्यास गिळलें. १९८३ च्या १ जानेवारीपासून आर्पानेटनें स्वीकारलेल्या नियमांनीं, जे व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं मांडले होते, सर्व आकारांचीं जाळीं एका सूत्रांत ओंवलीं, व त्या सूत्राला आपण इंटरनेट म्हणतों. वापरणाऱ्यास जवळचें व दूरचें हा भेद दिसेनासा झाला.

दिसेनासा झाला, नाहींसा झाला नाहीं. प्रकाशतंतूंत प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर धांवतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत येण्यास सेकंदाच्या अष्टमांशाहून कमी वेळ त्यास कोणीही लावूं शकणार नाहीं. आणि मालकीचा भेद तर एखाद्या दिवशीं अकस्मात् उघडा पडतो. २००८ च्या ३० जानेवारीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राच्या तळाशीं दोन तारा तुटल्या आणि भारतांत व पश्चिम आशियांत इंटरनेट मंदावलें. ज्या कचेऱ्यांचें काम आपल्या आवारांतील यंत्रांवर चालत होतें त्यांचें तेवढें चालूं राहिलें असणार; ज्यांनीं सर्वस्व दूर ठेविलें होतें त्यांना वाट पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

आम्हांस या इतिहासाचा बोध वाटतो तो हाच. एके काळीं मोठ्या जाळ्यावरील वाहतूक मोजतां मोजतां असें आढळलें कीं, लोकांस शेजाऱ्याशींच बोलावयाचें आहे, आणि त्या शोधामुळें स्थानिक जाळ्यास चालना मिळाली. आज स्थिति नेमकी उलटली आहे. एकाच दिवाणखान्यांत बसलेल्या बाप-लेकांच्या दोन फोनांमधला निरोप बहुधा दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रागारांत जाऊन परत येतो. महाविद्यालयाच्या एका खोलींत लिहिलेली टांचणें शेजारच्या खोलींत उघडण्यासाठीं परमुलखांतील कोठारांतून आणावीं लागतात. ‘काखेंत कळसा व गांवाला वळसा’ ही म्हण विसराळूपणासाठीं आहे, पण येथें वळसा नित्याचा झाला असून कळसा काखेंत आहे याचेंच विस्मरण पडलें आहे. हातांत असलेली स्थानिक तार भरभक्कम आहे, तिची गति पूर्वीपेक्षां कितीतरी पट आहे. तिचा उपयोग मात्र बाहेर जाण्याच्या दरवाजासारखा उरला आहे.

दूरचें जाळें टाकून द्यावें असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. त्यानें दिलेलें ज्ञान व सोबत यांचें ऋण मोठें आहे. परंतु जें जवळ ठेवतां येईल तें जवळ ठेवावें, ग्रंथालयाच्या याद्या, विद्यार्थ्यांचे अभिलेख व संस्थेचे जुने कागद यांची एक प्रत तरी आपल्या कुंपणाच्या आंतील यंत्रावर असावी, आणि बाहेरची तार तुटली तर आपलें कोणतें काम चालेल व कोणतें अडेल, हें प्रत्येक संस्थेनें आधींच पाहून ठेवावें. विद्यार्थ्यांनीं कोष्टकांतील मीटर व किलोमीटर पाठ केले तर परीक्षेपुरतें पुरें. परंतु त्यांतील प्रत्येक नांवासमोर त्यांनीं आणखी एक रकाना आंखावा आणि ती तार कोणाची, हें त्यांत लिहावें, एवढीच आमची सूचना आहे.